सनस्क्रीन आणि संप्रेरके : एका शंकेचा इतिहास

उन्हाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांत दोन प्रकारचा मजकूर हमखास येतो. एका पानावर सनस्क्रीन लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका, असा सल्ला असतो. दुसऱ्या पानावर सनस्क्रीनमधली रसायने शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, अशी बातमी असते. अलीकडे शाळेतली मुलेमुलीही हे मलम वापरू लागली आहेत. त्यामुळे 'सर, यातले खरे काय?' हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला कधी ना कधी येणारच. त्याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही. पण ही शंका मुळात आली कोठून, ती तपासली कशी गेली आणि आज ती कोठवर आली आहे, हे मात्र नीट सांगता येते. तेच येथे पाहू.

उन्हाचे मलम कसे आले?

सूर्यप्रकाशात जांभळ्या रंगाच्या पलीकडे न दिसणारे किरण असतात, हे योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली दाखवले. त्वचा भाजते ती उन्हाच्या उष्णतेने नव्हे, तर या अतिनील किरणांनी, हे कळायला मात्र १८८९ साल उजाडावे लागले. ते काम स्वीडनच्या योहान विडमार्क यांचे. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, फ्रीड्रिख हामर या जर्मन डॉक्टरांनी क्विनीनचे मलम लावून त्वचा वाचवता येते असे नोंदवले. हिवतापावरचे औषध अशा रीतीने उन्हावरचेही औषध ठरले!

१९२८ साली अमेरिकेत आणि १९३६ साली फ्रान्समध्ये बेन्झिल सॅलिसिलेट हे रसायन असलेली तयार मलमे व तेले बाजारात आली. फ्रान्समधल्या तेलामागे युजीन श्युलर हे रसायनशास्त्रज्ञ होते. ऑस्ट्रियातील फ्रान्झ ग्रायटर हा विद्यार्थी १९३८ साली आल्प्स पर्वतात चढाई करताना उन्हाने भाजला. त्याने १९४६ साली आपले 'हिमनदी मलम' विकायला काढले. पुढे मलमाची शक्ती मोजण्याचा 'एस.पी.एफ.' हा आकडा रूढ करण्यातही त्याचा मोठा वाटा होता.

ही रसायने काम कशी करतात? त्यांच्या रेणूत बहुधा बेन्झिनचे कडे असते आणि त्याला जोडून एकाआड एक दुहेरी बंध असतात. अशा रचनेतील इलेक्ट्रॉन अतिनील किरणांची ऊर्जा शोषून वरच्या पातळीवर जातात व परत खाली येताना ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देतात. म्हणून या रसायनांना आपण 'गाळक' म्हणू. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजेही हेच काम करतात, पण ती न विरघळणाऱ्या बारीक कणांच्या रूपात बहुतांशी त्वचेच्या पृष्ठभागावरच राहतात. सेंद्रिय गाळक मात्र स्निग्ध पदार्थांत विरघळतात आणि त्यांचे रेणू लहान असतात. ऑक्सिबेन्झोनचा रेणुभार २२८ आहे. त्वचेतून आत शिरायला ही दोन्ही लक्षणे सोयीची.

अनेक वर्षे या गोष्टीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. मलम लावल्यावर त्वचेला खाज येते का, पुरळ उठते का, एवढेच तपासले जाई. ते त्वचेच्या आत जाऊन काही करील, ही कल्पना दुसऱ्याच एका इतिहासातून आली.

संप्रेरकांचे सोंग घेणारे रेणू

अंतःस्रावी ग्रंथी रक्तात संप्रेरके सोडतात. ती शरीरभर फिरतात, पण परिणाम करतात फक्त अशाच पेशींवर, ज्यांच्याकडे त्या संप्रेरकाचा 'ग्राही' असतो. ग्राही हे कुलूप आणि संप्रेरक ही किल्ली, अशी उपमा आपण वर्गात देतो. या उपमेतच पुढची अडचण दडलेली आहे. कुलूप खऱ्या किल्लीनेच उघडते असे थोडेच आहे?

इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे अस्तित्व ओळखण्याची चाचणी एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ साली बसवली. १९२९ मध्ये त्या गटातले इस्ट्रोन शुद्ध रूपात हाती आले. ही नैसर्गिक संप्रेरके महाग होती आणि तोंडावाटे दिल्यास त्यांचा प्रभाव फारसा पडत नसे. म्हणून लंडनच्या एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी कृत्रिम पर्याय शोधायला सुरुवात केली. त्यांनी तपासलेल्या अनेक पदार्थांत बिस्फेनॉल-ए होते; त्यात इस्ट्रोजेनचा क्षीण गुण आहे, हे १९३६ सालीच नोंदले गेले. हाच पदार्थ पुढे प्लॅस्टिकच्या धंद्यात शिरला. १९३८ साली डॉड्स आणि सहकाऱ्यांनी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे अत्यंत प्रभावी रसायन जाहीर केले. त्याची रचना इस्ट्रोजेनसारखी नव्हती. इस्ट्रोजेनमध्ये चार कडी जोडलेली असतात, यात दोनच आणि तीही सुटी. तरी कुलूप उघडले!

या औषधाचे पेटंट घेतलेले नव्हते. ते स्वस्त होते आणि गोळीच्या रूपात देता येई. गर्भपात टळावा म्हणून १९४० च्या दशकापासून लाखो गर्भवतींना ते देण्यात आले. त्याचा काही उपयोग होत नाही, असे शिकागो येथे केलेल्या मोठ्या चाचणीत १९५३ सालीच दिसले होते. तरीही ते दिले जात राहिले. १९७१ च्या एप्रिलमध्ये आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनमधून एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. योनिमार्गाचा, त्या वयात अतिशय दुर्मीळ असणारा कर्करोग झालेल्या ८ तरुण मुलींचा तो अभ्यास होता. त्यांपैकी ७ जणींच्या मातांनी गरोदरपणी हे औषध घेतले होते. हा धागा प्रथम डॉक्टरांना सापडला नव्हता. एका मुलीच्या आईनेच, माझ्या त्या गोळ्यांचा तर संबंध नसेल ना, असे विचारले होते. त्याच वर्षी अमेरिकेत गर्भवतींना हे औषध देऊ नये, असा इशारा निघाला.

या प्रकरणाने शास्त्रज्ञांना दोन गोष्टी शिकवल्या. संप्रेरकासारख्या पदार्थाच्या बाबतीत 'किती' इतकेच 'कधी' महत्त्वाचे असते. जो डोस आईला काही करत नाही, तो पोटातल्या बाळाच्या घडणीत कायमचा फरक करू शकतो. आणि तो फरक दिसायला वीस वर्षेही लागू शकतात.

हे सारे केवळ कारखान्यांतच घडते असे नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात मेंढ्या गाभण राहिनाशा झाल्या. कारण शोधता असे आढळले की त्या चरत असलेल्या क्लोव्हर नावाच्या गवतासारख्या चाऱ्यातच इस्ट्रोजेनचे काम करणारी वनस्पतिजन्य द्रव्ये होती. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असे मानणाऱ्यांनी ही मेंढ्यांची गोष्ट ध्यानात ठेवावी.

बॉस्टनच्या परीक्षानळ्या

१९८० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनमधील टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवून त्यांवर प्रयोग करीत होते. या पेशींच्या वाणाचे नाव 'एम.सी.एफ.-७'. अमेरिकेतील मिशिगन कर्करोग प्रतिष्ठानात १९७३ साली तो तयार झाला होता. इस्ट्रोजेन मिळाले की या पेशी भराभर वाढतात, नाही मिळाले की मंदावतात. एके दिवशी इस्ट्रोजेन न घातलेल्या बशांतही पेशी जोमाने वाढलेल्या दिसल्या.

प्रयोगात चूक झाली म्हणून त्या बशा फेकून देणे सोपे होते. या दोघांनी तसे केले नाही. महिनोन्महिने एकेक वस्तू बदलून पाहताना दोष प्लॅस्टिकच्या नळ्यांत सापडला. उत्पादकाने प्लॅस्टिकचे घटक बदलले होते आणि त्यातून नोनिलफेनॉल हे रसायन पाझरत होते. १९९१ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात विंगस्प्रेड येथे थिओ कोलबॉर्न यांच्या पुढाकाराने २१ शास्त्रज्ञ जमले. संप्रेरकांच्या कामात अडथळा आणणाऱ्या रसायनांना तेथून एक सामाईक नाव मिळाले. आपण त्यांना 'अंतःस्राव-बाधक' म्हणू.

सोटो यांच्या हाती आता एक सोपी चाचणी आली होती. संशयित पदार्थ पेशींत घालायचा आणि काही दिवसांनी पेशी मोजायच्या. जगभरच्या प्रयोगशाळांतून एकेक रसायन या कसोटीवर घासले जाऊ लागले. सनस्क्रीनची पाळी येणे क्रमप्राप्तच होते.

झुरिकचा प्रयोग

२००१ साली झुरिक विद्यापीठातील मार्ग्रेट श्लुम्फ, वॉल्टर लिख्टेनस्टायगर आणि सहकाऱ्यांनी सहा गाळकांची तपासणी प्रसिद्ध केली. एम.सी.एफ.-७ पेशींवर सहापैकी पाच गाळकांनी इस्ट्रोजेनसारखा परिणाम दाखवला. सहावा, ॲव्होबेन्झोन, निष्क्रिय ठरला. नंतर त्यांनी हे गाळक वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना चार दिवस खाद्यातून दिले. तीन गाळकांमुळे त्यांच्या गर्भाशयाचे वजन वाढले. त्यांत ४-मेथिलबेन्झिलिडीन कापूर (४-एम.बी.सी.) सर्वांत प्रभावी, ऑक्टिनॉक्सेट त्याखालोखाल आणि ऑक्सिबेन्झोन सर्वांत क्षीण होते. ४-एम.बी.सी. तर त्वचेवर लावूनही परिणाम दिसला.

बातमी युरोपभर गाजली. पण निबंधातले आकडे बातमीत आले नाहीत. पेशींवर तोच परिणाम घडवायला हे गाळक खऱ्या संप्रेरकाच्या सुमारे दहा लाख पट प्रमाणात लागत होते. आणि ऑक्सिबेन्झोनचा परिणाम दिसला तो उंदराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज सुमारे १५०० मिलिग्रॅम खायला दिल्यावर.

येथे फळा आणि खडू घेऊन एक हिशेब करावा. एस.पी.एफ. मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावतात. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर, म्हणजे १७,००० चौरस सेंटिमीटर धरू. सर्वांगाला लागणारे मलम ३४ ग्रॅम. त्यात ६ टक्के ऑक्सिबेन्झोन असेल, तर ते झाले सुमारे २ ग्रॅम. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात लावलेल्या ऑक्सिबेन्झोनपैकी १ ते २ टक्के भाग लघवीत उतरलेला दिसला होता. २ टक्के घेतले तर शरीरात गेले ४० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दर किलोमागे ०.६७ मिलिग्रॅम. उंदराचा डोस याच्या दोन हजार पटींहून अधिक होता. शोषण १० टक्के धरले तरी फरक साडेचारशे पटींचा राहतो. बहुतेक माणसे अंगभर नव्हे, तर चेहऱ्याला आणि हातांना, तेही पातळसर लावतात.

मग विषय संपला काय? नाही. हा हिशेब एवढेच सांगतो की उंदरांवर दिसलेला तो विशिष्ट परिणाम मलम लावणाऱ्या प्रौढ माणसात दिसण्याचा संभव कमी. गर्भावर, तान्ह्या बाळावर किंवा वयात येणाऱ्या मुलांवर वर्षानुवर्षांच्या वापराने काय होते, हा प्रश्न चार दिवसांच्या प्रयोगात विचारलेलाच नव्हता. आणि स्टिलबेस्ट्रॉलने नेमके तेच शिकवले होते.

उलट बाजूचा युक्तिवादही तपासून घ्यावा. उंदरांना दिलेल्या डोसइतके ऑक्सिबेन्झोन माणसाच्या शरीरात जायला २७७ वर्षे मलम लावावे लागेल, असा हिशेब २०११ साली अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी मांडला होता. आकडा मनात भरतो. पण त्यात रोजचा डोस जणू पिगी बँकेत पैसे टाकावेत तसा साठवत नेला आहे. ऑक्सिबेन्झोन शरीराबाहेर टाकले जाते. त्यामुळे एखाद्या दिवशी रक्तात ते किती असते, हे पाहणे अधिक उपयोगी. भीतीच्या बाजूने जशी घाई होते, तशीच ती धीर देणाऱ्यांच्या बाजूनेही होते.

माणसांवरचा पुरावा

२००४ साली कोपनहेगन येथे ३२ निरोगी स्त्री-पुरुषांवर चाचणी झाली. त्यांनी एक आठवडा साधे मलम आणि दुसरा आठवडा तिन्ही वादग्रस्त गाळक प्रत्येकी १० टक्के असलेले मलम रोज सर्वांगाला लावले. तिन्ही गाळक रक्तात आणि लघवीत सापडले. संप्रेरकांच्या पातळीत किरकोळ फरक दिसले, पण त्यांचा संबंध गाळकांशी जोडता येत नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. यातल्या सगळ्या स्त्रिया रजोनिवृत्तीनंतरच्या होत्या आणि वापर एकच आठवडा होता, हेही सांगायला हवे.

अमेरिकेत २००३-०४ मध्ये गोळा केलेल्या २५१७ जणांच्या लघवीच्या नमुन्यांपैकी ९६.८ टक्के नमुन्यांत ऑक्सिबेन्झोन आढळले. ते इतर प्रसाधनांतही वापरले जाते, हे त्याचे एक कारण. पुढे स्वित्झर्लंडमधील मातांच्या दुधातही गाळक सापडले. आढळणे म्हणजे अपाय होणे नव्हे, हे खरे. पण मलम केवळ त्वचेवर राहते, हे गृहीतक यानंतर टिकले नाही.

२०१९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी २४ जणांना चार दिवस, दिवसातून चार वेळा, शरीराच्या ७५ टक्के भागावर मलम लावायला दिले. सर्व सेंद्रिय गाळकांचे रक्तातील प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅम या मर्यादेबाहेर गेले. ऑक्सिबेन्झोन तर शेकडो पटींनी. ही मर्यादा धोक्याची रेषा नाही. 'याच्या खाली असाल तर अधिक विषचाचण्यांची गरज नाही', एवढाच तिचा अर्थ. म्हणून त्याच वर्षी या प्रशासनाने प्रस्ताव मांडला : झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही दोन सुरक्षित व परिणामकारक मानावीत, आणि ऑक्सिबेन्झोनसह १२ गाळकांबाबत उत्पादकांनी आणखी माहिती द्यावी.

युरोपीय संघाने पुढचे पाऊल टाकले. २०२२ च्या नियमाने ऑक्सिबेन्झोनचे प्रमाण चेहरा व हातांच्या प्रसाधनांत ६ टक्के आणि अंगाला लावायच्या मलमात २.२ टक्के असे मर्यादित केले. झुरिकच्या प्रयोगात सर्वांत प्रभावी ठरलेल्या ४-एम.बी.सी.वर बंदी घालणारा नियम २०२४ साली निघाला. शंका निघाल्यापासून तेवीस वर्षांनी! हवाई बेटांत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या मलमांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे, पण ती प्रवाळांच्या काळजीपोटी. ही दोन कारणे एकमेकांत मिसळू नयेत.

तराजूचे दुसरे पारडे

शंकेचा इतिहास सांगताना फायद्याचा इतिहास विसरून चालणार नाही. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर या गावी १९९२ ते १९९६ या काळात १६२१ प्रौढांवर चाचणी झाली. निम्म्यांना डोके, मान, हात यांवर रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, उरलेल्यांना नेहमीप्रमाणे वागू दिले. रोज लावणाऱ्यांत खवल्यांच्या पेशींचा त्वचाकर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. चाचणी संपल्यानंतर दहा वर्षांनी पाहता मेलॅनोमा हा घातक कर्करोग त्यांच्यात ११ जणांना, तर दुसऱ्या गटात २२ जणांना झालेला होता. संप्रेरकांचा धोका आज 'शक्य' या सदरात आहे. उन्हाचा धोका 'सिद्ध' या सदरात.

मात्र नॅम्बरचे निष्कर्ष गोऱ्या कातडीच्या, कडक उन्हात राहणाऱ्या लोकांचे आहेत. आपल्या त्वचेतील मेलॅनिन हाच एक गाळक आहे आणि आपल्याकडे त्वचेचा कर्करोग त्यामानाने फार कमी आढळतो. कोड असलेल्या किंवा जन्मतः मेलॅनिन नसलेल्या व्यक्तींची गोष्ट वेगळी. त्यांना उन्हापासून जपलेच पाहिजे. इतरांसाठी शेतावर जाणाऱ्या बाईचा डोक्यावरचा पदर, म्हाताऱ्याचे उपरणे, छत्री, टोपी आणि भर दुपारी झाडाची सावली या गोष्टी आजही पहिल्या क्रमांकाच्या आहेत. त्या रक्तात उतरत नाहीत. खेळाडूंना किंवा सहलीला जाणाऱ्या मुलांना मलम लागणारच असेल, तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे घेता येते. लहान मुले आणि गर्भवती यांच्यासाठी हा पर्याय विशेष विचारात घ्यावा.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर मुलांना घरातल्या मलमाच्या वेष्टनावरील घटकांची नावे उतरवून आणायला सांगावी. ऑक्सिबेन्झोन हे बऱ्याचदा 'बेन्झोफेनोन-३' या नावाने आणि ऑक्टिनॉक्सेट 'एथिलहेक्सिल मेथॉक्सिसिनॅमेट' या लांबलचक नावाने छापलेले असते, हे आधी सांगून ठेवावे. मग वरचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा आणि विचारावे : हा प्रयोग कोणावर केला? डोस किती होता? किती दिवस? आणि कोणत्या वयात? एखादी मुलगी पाचवा प्रश्न विचारील, 'मग गर्भावर आणि मुलांवर तपासले कोणी?' तिला घाईने गप्प करू नये. त्या १२ गाळकांबाबत आणखी माहिती मागितली गेली, ती अशाच न सुटलेल्या प्रश्नांमुळे.